संगणक-शंका : उलट्या तारखा आणि हट्टी कीबोर्ड

प्रश्न : लासलगावला कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहितो. एक्सेलमध्ये आवक तारखेनुसार लावली की फेब्रुवारीच्या काही नोंदी मे-जूनमध्ये जाऊन बसतात. काही तारखा सेलमध्ये डावीकडे दिसतात, काही उजवीकडे. फाइल बिघडली का?

उत्तर : फाइल शाबूत आहे. विंडोजमध्ये तारखेची पद्धत अमेरिकन लागलेली आहे, म्हणजे आधी महिना, मग दिवस. तुम्ही ५/२/२०२५ लिहिलेत की एक्सेल २ मे समजतो. १३/२/२०२५ लिहिलेत तर तेरावा महिनाच नसल्याने तो ती नोंद साधा मजकूर म्हणून ठेवतो. मजकूर डावीकडे सरकतो, खरी तारीख उजवीकडे. म्हणजे डावीकडच्या नोंदी निदान वाचता तरी येतात. खरा धोका उजवीकडच्यांचा, कारण त्या बिनबोभाट चुकलेल्या असतात.

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन या वाटेने जाऊन ‘रीजनल फॉरमॅट’मध्ये भारताचे इंग्लिश निवडा. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. यापुढच्या नोंदी बरोबर पडतील. जुन्या मात्र आपोआप सुधारणार नाहीत, कारण एक्सेल तारीख १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांचा आकडा म्हणून साठवतो आणि तो आकडाच चुकीचा साठला आहे.

आधी फाइलची प्रत काढा. शेजारी अनुक्रमांकांचा कॉलम घाला, म्हणजे मूळ क्रम परत लावता येईल. मग तारखेचा कॉलम चढत्या क्रमाने लावा : खऱ्या तारखा वर, मजकूर खाली जमतो. फक्त खालचा गट निवडून डेटा टॅबमधले ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा, तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ आणि त्यापुढे डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडून फिनिश करा. वरच्या गटासाठी रिकाम्या कॉलममध्ये डेट फंक्शन लिहा : पहिल्या जागी त्या सेलचे इयर, दुसऱ्या जागी डे, तिसऱ्या जागी मंथ. एरवी मंथ आधी येतो. इथे अदलाबदल मुद्दाम आहे. उत्तरे कॉपी करून मूळ जागी कंट्रोल-आल्ट-व्ही, मग व्ही, मग एंटर दाबा, म्हणजे सूत्राऐवजी नुसती तारीख बसेल. कंट्रोल आणि अर्धविराम दाबून टाकलेल्या आजच्या तारखा मुळातच बरोबर असतात. त्यांना हे सूत्र लावू नका, नाहीतर त्याच उलटतील.

प्रश्न : नाशिक रोडला टायपिंगची कामे करते. इंग्रजी लिहिता लिहिता मध्येच मराठी अक्षरे उमटू लागतात.

उत्तर : डावे आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की भाषा बदलते, आणि भराभर टाइप करताना ते सहज होते. विंडोज ११ मध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ उघडा, ‘चेंज की सिक्वेन्स’मध्ये ‘नॉट असाइन्ड’ करा. भाषा मुद्दाम बदलायला विंडोजचे बटण आणि स्पेसबार आहेच. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याची टिकही करून टाका; वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी असे चालू राहते.

प्रश्न : पंचवटीत झेरॉक्सचे दुकान आहे. एकापाठोपाठ अनेक गोष्टी कॉपी करता येतात का?

उत्तर : विंडोज-व्ही दाबा आणि पहिल्यांदा विचारेल तेव्हा ‘टर्न ऑन’ करा. शेवटच्या २५ गोष्टी यादीत राहतात. संगणक रीस्टार्ट केला की यादी पुसली जाते, पिन केलेल्या मात्र टिकतात; दुकानाचा पत्ता, नेहमीच्या अर्जातली वाक्ये अशीच पिन करा. पण तुमच्याकडे गिऱ्हाइकांचे आधार आणि बँक खात्याचे क्रमांकही कॉपी होत असणार. तेही याच यादीत पडून राहतात आणि पुढच्या माणसाला दिसू शकतात. प्रत्येक गिऱ्हाईक गेल्यावर विंडोज-व्ही उघडून ‘क्लिअर ऑल’ दाबा. पिन केलेले त्याने जात नाही. दोन मिनिटे काउंटर सोडायचे असले, तरी विंडोज-एल दाबून स्क्रीन लॉक करा आणि मगच उठा.