जुन्या फ्रेंच घराच्या भिंतीवर गुलाब चढवायचा असेल तर

फ्रान्समध्ये बर्गंडीत घेतलेल्या जुन्या शेतघरावर गुलाब चढवायचाय पण शेजारचे आजोबा म्हणतात भिंत फुटेल, आणि पिएर द रोन्सार ही गुलाबाची जात घेऊ का, असं विचारलंयत. मी बरीच वर्षं लुआर नदीकडे अशाच एका लांबट बसक्या घरात राहतेय, चुका सगळ्या करून झाल्यात, त्यामुळे जरा लांबण लावते.

आजोबांच्या डोक्यात आयव्हीची वेल असणार. ती भिंतीला मुळं चिकटवते. गुलाबाला ना तसली मुळं ना द्राक्षासारखे तणावे, आपण बांधू तिथेच तो थांबतो. भिंतीला खरी भीती तुमच्या ड्रिलमशीनची! जुने सांधे चुन्याचे, मऊ असतात, हूक सांध्यातच बसवा, दगडात नको, आणि चुना पडलाच तर चुनाच भरा, सिमेंट नाही, सिमेंटने ओल आत कोंडते आणि मग दगड झिजायला लागतो. तारा आडव्या, साधारण ४० सेंमी अंतराने, आणि भिंतीपासून ५ सेंमी तरी सुटलेल्या पाहिजेत. मागून हवा खेळली नाही की भुरी आलीच, आपल्याकडचे द्राक्षवाले म्हणतात तीच.

मी पहिलं रोप हौसेने अगदी भिंतीला लागून लावलं. वर कौलांची वळचण पुढे आलेली, त्यामुळे पाऊस पडूनही खाली माती कोरडी ठक्क, गेलं रोप. दुसरं ४० सेंमी पुढे लावलं, मुळं बाहेरच्या बाजूला पसरवून, ते जगलं पण मी फांद्या सरळ वर जाऊ दिल्या, तर फुलं सगळी पोटमाळ्याच्या खिडकीपाशी, कबुतरांना बघायला, आणि खाली नुसत्या काटेरी काठ्या. फांदी आडवी वाकवून बांधली की शेंड्याचा जोर मोडतो, मग प्रत्येक डोळ्यातून कोंब फुटतो आणि प्रत्येक कोंबाला फूल. सगळी गंमत त्या वाकवण्यात आहे, जात नंतर.

तरी जातीबद्दल बोलतेच. पिएर द रोन्सार हे कवीचं नाव आहे म्हणून लोकांना तो राजेरजवाड्यांच्या काळातला वाटतो, पण तो मेयां या गुलाबवाल्या घराण्याचा १९८५ चा गुलाब, माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान. सुंदर आहे, वाद नाही, पण सतत पाऊस लागला की भरगच्च कळ्या न उमलताच कुजतात. तुम्ही बर्गंडीत आहात तर ग्लॉआर द दिजाँ घ्या ना, १८५३ साली तुमच्याच दिजाँ शहरात जाकोतो नावाच्या रोपवाल्याने काढलेला, लोण्यात जर्दाळू कालवल्यासारखा रंग आणि वास तर विचारू नका. त्याच्यात टी गुलाबाचं, म्हणजे जुन्या सुवासिक गुलाबांच्या एका गटाचं, रक्त आहे, आणि टी गुलाबांचा एक पूर्वज आपल्या मणिपूरच्या डोंगरात रानटी वाढतो! फक्त ग्लॉआरचे पाय उघडे पडतात, बुंध्याशी लॅव्हेंडर वगैरे काहीतरी लावा. भिंत उत्तरेकडे असेल तर मात्र मादाम आल्फ्रेद कारिए, लियाँ शहरातला, १८७९ चा, पांढरा, कमी उन्हातही फुलतो. दाराजवळ मुलं खेळणार असतील तर बिनकाट्याचा झेफिरीन द्रुआँ, पण तापणाऱ्या दक्षिण भिंतीवर नको, भुरी येते.

कुंडीतलं महागडं रोप आत्ता घेऊ नका. नोव्हेंबरात नुसत्या मुळांची रोपं येतात, स्वस्त आणि चिवट. इथे म्हणतातच की सेंट कॅथरीनला, म्हणजे २५ नोव्हेंबरला, कुठलंही लाकूड मूळ धरतं. पहिली दोन वर्षं छाटू नका, फक्त बांधा, आणि तारेने नाही तर सुतळीने.

भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगा, आणि शक्य असेल तर सांध्यांचा एक फोटो टाका.