क्रॉस डिझॉल्व्ह लावल्यावर शेवटची फ्रेम का थिजते?

तुम्ही लिहिलंय की घरच्या कानबाईच्या (खानदेशातला श्रावणातला देवीचा उत्सव) क्लिपा प्रीमिअर प्रो या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडताना क्रॉस डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत दुसरं उमटवणारं ट्रान्झिशन टाकलं, की मीडिया अपुरा असल्याची सूचना येते आणि चित्र थिजतं. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. तुमच्या क्लिपांना हँडल, म्हणजे कटच्या पलीकडचं जादा चित्रण, उरलेलं नाही, एवढंच.

डिझॉल्व्ह चालू असताना दोन्ही क्लिपा एकाच वेळी दिसतात. म्हणजे पहिलीला कटच्या पुढे आणि दुसरीला कटच्या मागे न दिसणारं चित्रण शिल्लक हवं. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर कटच्या मधोमध बसवलेल्या एका सेकंदाच्या डिझॉल्व्हला दोन्हीकडून १२-१३ फ्रेम लागतात. त्या नसल्या की प्रीमिअर शेवटचीच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवतं आणि ट्रान्झिशनवर तिरप्या रेघा उमटतात. क्लिपच्या वरच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण दिसला, तर मूळ चित्रण तिथेच संपलं असं समजा.

उपाय सोपा आहे. क्लिप छोटी केली की मधली जागा आपोआप भरणारं रिपल एडिट टूल घ्या (बी दाबा) आणि दोन्ही टोकं १५-१५ फ्रेम आत ओढा. मग कट निवडून कंट्रोल डी. फक्त दुसऱ्याच क्लिपला मागे जागा असेल, तर ट्रान्झिशनवर क्लिक करून इफेक्ट कंट्रोल्स पॅनेलमध्ये अलाइनमेंट ‘एंड ॲट कट’ करा. जागा पहिलीला पुढे असेल, तर ‘स्टार्ट ॲट कट’. दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर अशा वेळी क्लिपा ट्रिम करू का म्हणून विचारतं. हो म्हणा, पण कट गाण्याच्या ठेक्यावर बसवले असतील तर नंतर ठेका नक्की तपासा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटणारं. प्रत्येक कटला ट्रान्झिशन लावू नका. रोट (प्रसादाच्या जाड पोळ्या) लाटणारे हात आणि तव्यावरचा रोट यांच्यात साधा कटच हवा, काम सलग चाललंय हे त्यातूनच कळतं. डिझॉल्व्ह राखून ठेवा तो रविवारच्या रात्रीच्या जागरणातून सोमवारच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत जाताना. तिथे खरोखर वेळ सरलेली असते, म्हणून २५ ते ४० फ्रेम शोभतात. एकाच कोनातून घेतलेल्या दोन शॉटमध्ये मात्र तो टाकू नका, चेहऱ्यावर चेहरा चढून भुतासारखं दिसतं. पान उलटणं, घन फिरणं असले प्रकार नाचणाऱ्या बायकांच्या शॉटवर तर नकोच. फ्रेममध्ये आधीच भरपूर हालचाल असते, तिच्यात इफेक्टही गडबडतो आणि नाचही.

आवाजाकडे लोक सहसा बघतच नाहीत. कटवर टक्कन आवाज येत असेल तर कंट्रोल शिफ्ट डीने कॉन्स्टंट पॉवर हे आवाजाचं ट्रान्झिशन लावा आणि लांबी २-३ फ्रेमवर आणा. दोन ठिकाणची वाजंत्री एकमेकांत मिसळू नका, ठेके भांडतात. त्यापेक्षा कंट्रोल एलने आवाज चित्रापासून सोडवा आणि मिरवणुकीचा आवाज तिच्या चित्राआधी सेकंदभर सुरू करा. बऱ्याचदा मग डिझॉल्व्हची गरजच उरत नाही.

पुढच्या श्रावणात शूट करताना हालचालीच्या ३ सेकंद आधी रेकॉर्डिंग सुरू करा आणि संपल्यावर ३ सेकंद थांबा, म्हणजे हँडल आपोआप उरेल.