आई सावळी आहे म्हणून आकाशासमोर तिचा चेहरा काळा येतो का?

नाही. एकदम नाही. नागपूरच्या फुटाळा तलावावर सूर्यास्ताला आईचा फोटो काढला, आकाश झकास आलं अन् चेहरा काळाकुट्ट, तर कोणता कॅमेरा घेऊ असं तुम्ही विचारलंय. कॅमेरा आहे तोच पुरतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मिळून मधल्या राखाडीवर आणायला बघतो, मागे उजेडाचं आकाश असलं की एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, खाली ओढतो अन् माणूस बुडतो. पण ते 'सावळी आहे म्हणून' वाचलं अन् राहवलं नाही.

२०११ ला आईबाबांच्या लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून आम्ही एक फोटोग्राफर सांगितला होता, त्याने याच फुटाळ्यावर दोघांना पाळीवर बसवलं, मागे सगळं केशरी आकाश, फ्लॅश बॅगेतच. अल्बम आला तर आईचा चेहरा कॉम्प्युटरवर घासूनपुसून गोरा केलेला, हात मात्र सावळेच, गळ्याशी चक्क रेघ दिसत होती अन् मंगळसूत्राचे काळे मणी राखाडी होऊन गेले होते. आईने अल्बम मिटला अन् कपाटात साड्यांखाली ठेवून दिला, बोलली काहीच नाही. मी दुकानात गेलो तर तो म्हणे, "काकूंचा रंगच तसा आहे जी, कॅमेरा काय करन?" मी मूळ फोटो मागून पाहिले. बाबा चांगले गोरे आहेत, त्यांचाही चेहरा तेवढाच काळा होता! मग रंगाचा काय संबंध? चूक उजेडाची अन् बोल माझ्या आईला.

नंतर मी स्वतः शिकलो. मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हाताने लावून, आधी आकाशाचं एक्स्पोजर ठरवायचं, शटर १/२०० सेकंदापेक्षा जलद करायचं नाही कारण बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक, म्हणजे फ्लॅश अन् शटरचा मेळ, तिथेच आसपास संपतो अन् काळी पट्टी येते, मग चेहऱ्यावर फ्लॅश हलका मारायचा. फ्लॅश नसेल तर टीव्हीच्या खोक्यातलं पांढरं थर्माकोल घ्या, सूर्य बुडायच्या आधी त्यावरून उजेड चेहऱ्यावर वळवा. मी आईचा फोटो काढला तेव्हा माझ्या भावाने तेच धरलं होतं, वाऱ्याने सारखं वाकून राहिलं होतं. त्या फोटोत मणी काळेभोर आले अन् आई आहे तश्शी सावळी, नाकावर घामाची चमक. तो तिने स्वतः समोरच्या खोलीत लावला.

मोबाईलवर चेहऱ्यावर टॅप करून उजेड वर सरकवा, आकाश थोडं फाटेल, म्हणजे पांढरं पडेल, फाटू द्या. हो, चष्मा असेल तर फ्लॅश बाजूने मारा. अन् मे महिन्यात भरदुपारी आपल्याकडचं आकाश पांढरंफटक असतं, तेव्हा नादी लागू नका, पावसाळा संपला की काढा.

फोटोग्राफर सांगणार असाल तर आधीच बजावा, रंगाला हात लावायचा नाही. लावला तर उरलेले पैसे देऊ नका. आम्ही पूर्ण दिले होते.