गाडीत झोपताना उकाडा: आधी एवढंच सांभाळा

पहिल्याच ट्रिपसाठी पंखा चालवायला महागडी बॅटरी घेऊ नका, आधी जागा नीट निवडा. उतरत्या उन्हात सावली कुठे येते ते बघून गाडी लावा. तापलेला टप रात्री बराच वेळ आत धग सोडतो. जमलं तर उंचावर मुक्काम करा, दर १००० मीटरला साधारण ६ अंश कमी होतात.

मग हवा. समोरासमोरच्या दोन काचा उघडा आणि दारांवर मच्छरदाणीची जाळी चुंबकांनी बसवा. यूएसबी पंख्याचं तोंड एका खिडकीतून बाहेर ठेवा, म्हणजे दुसरीकडून गार हवा आत येते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- काचा बंद ठेवणं. पहाटे काचांवरून पाणी ओघळतं, अंथरूण दमट होतं.
- इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं. हे कधीच नको! इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेत कळतही नाही.

घराबाहेरच गाडी लावून तिच्यात एक रात्र झोपून बघा, जमेल तुम्हाला.