ताई 'जिन्यावरून पडले' म्हणते आणि बाबा आकड्यांवर बोलतात

तुझं पत्र वाचलं गं. ताईचा हात मोडला, दवाखान्यात तिने जिन्यावरून पडले असं सांगितलं, गळ्यावर बोटांचे वळ तू स्वतः बघितलेस, आणि बाबांचं काय तर आजकालच्या पोरी उठसूट केसेस टाकतात म्हणून आकडे वाढलेत, आपल्यात असलं काही नसतं. तू विचारतेस, ताईला न सांगता पोलिसात जाऊ का.

आधी बाबांचं बघू. २०२२ मध्ये देशात महिलांवरच्या गुन्ह्यांच्या साधारण साडेचार लाख केसेस नोंदल्या गेल्या, त्यातल्या जवळपास एक तृतीयांश नवरा-सासरच्या छळाच्या. पण ही पोलीस स्टेशनपर्यंत पोचलेल्यांची मोजणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन बायकांना विचारलं तेव्हा मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली होती ना कुणाला सांगितलं होतं, आईबहिणीला पण नाही. तुमच्या घरात केस नाही कारण ताई या ७७ मधली आहे, बाकी काही नाही. केसेस वाढल्या की मार वाढला का बोलणाऱ्या वाढल्या हे नुसत्या पोलिसांच्या आकड्यावरून कळतच नाही, पण बाबांना हे आज पटवत बसू नकोस, त्याला वेळ आहे.

गळ्याला वेळ नाही. गळा दाबणं हे हात उगारण्यासारखं नसतं, ज्या बाईचा नवऱ्याने एकदा गळा दाबलाय तिच्या जिवाला पुढे जास्त धोका असतो, आणि वळ गेले तरी आत सूज असू शकते, आवाज बसलाय का, गिळताना दुखतंय का हे विचार आणि तिला सरकारी हॉस्पिटलला ने. नवऱ्याला बाहेर बसवा, डॉक्टरला खरं सांगू दे, एमएलसी, म्हणजे मारहाणीची कायदेशीर नोंद, करायला सांगा आणि केसपेपरची कॉपी तुझ्याकडे ठेव. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' केंद्र आहे, २००० च्या सुमारास सुरू झालेलं, तिथे अशाच बायकांशी बोलायला माणसं बसलेली असतात.

पोलिसात तिच्या पाठीमागे जाऊ नकोस, राग तिच्यावरच निघेल. २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे लगेच एफआयआर करावा लागत नाही, घरातून काढू नये म्हणून कोर्टाचा आदेशही मिळू शकतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर तूच आधी फोन करून माहिती घे. पण परत मारहाण होताना कळलं तर कुणाला विचारत बसू नकोस, सरळ ११२ लाव.