तंजावरला दोन दिवस, काय बघू?

प्रश्न: डिसेंबरात तंजावरला चाललोय, मुलं सोबत आहेत. मोठ्या देवळाशिवाय काय आहे?

उत्तर: अहो, आधी ते बृहदीश्वराचं देऊळच नीट बघा! राजराज चोळानं साधारण १०१० साली पूर्ण केलेलं, आणि गंमत म्हणजे तिथल्या भिंतीवर चक्क मराठी शिलालेख आहे, १८०३ चा, तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी भोसल्यांचा इतिहास कोरून घेतलाय, मुलांना वाचायला लावा, जमतंय का बघू. सकाळी लवकर जा, अनवाणी चालावं लागतं आणि दुपारी दगड जाम तापतो. मग राजवाडा, तिथेच सरस्वती महाल लायब्ररी, मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे. दुसऱ्या दिवशी कुंभकोणमजवळचं दारासुरमचं देऊळ, दगडी चाकं-घोडे जोडलेला रथासारखा मंडप पोरांना आवडेलच.