वाचकांचे प्रश्न : तरुण पेशीशास्त्रज्ञांनी गोव्यात बसावे कुठे?

प्रश्न : माझी भाची पेशीशास्त्रात पीएच.डी. करून सध्या पुण्यात पुढील संशोधन करीत आहे. तिला गोव्यात परतायचे आहे. परंतु ‘मामा, आल्यावर काम कुठे करू?’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. अशा तरुणांना हात देणारे जैववैद्यकीय संशोधन केंद्र गोव्यात उभारता येईल का? इमारत आणि यंत्रे मिळाली की काम सुरू होते का?
— एक निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर : केंद्र निश्चित उभारता येईल, आणि जागा निवडायची झाल्यास मी बांबोळी-ताळगाव पठाराचाच आग्रह धरीन. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला आहे आणि गोवा विद्यापीठ तेथून जवळच आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा, रुग्णाची लेखी संमती आणि नीतिविषयक समितीची परवानगी घेऊन, तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचला, तर त्यातील पेशी जिवंत हाती लागण्याची शक्यता पुष्कळ वाढते. रुग्णालयाचा शेजार पैसे देऊन विकत घेता येत नाही, म्हणून त्याला मी पहिले महत्त्व देतो.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. पेशी वाढवायच्या म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि पूर्ण निर्जंतुकता रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही, राखावी लागते. आपल्याकडे मृग नक्षत्र लागले की भिंतींना ओल धरते, हवेत बुरशीचे बीजाणू वाढतात, आणि एके सकाळी फ्लास्क उजेडात धरावा तर कालपर्यंत स्वच्छ असलेल्या द्रवात कापसाचा बारीक पुंजका तरंगताना दिसतो. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू मात्र साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचाही त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि तो महिनोन्‌महिने पेशींची वागणूक बिघडवीत राहतो. नवख्या संशोधकाला वाटते की आपला सिद्धान्तच चुकला. म्हणून पेशींची नियमित पीसीआर तपासणी (डीएनएवरून जंतू ओळखणारी चाचणी) करणारा, पेशी गोठवून ठेवलेल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीतील पातळी रोज पाहणारा आणि वीज गेल्यावर मध्यरात्री धावून येणारा कायमस्वरूपी तंत्रज्ञ हा त्या केंद्राचा कणा होय. सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागवता येतात, पण आलेली कुपी सांभाळणारे हात येथेच तयार करावे लागतात.

यंत्रांविषयी माझा स्वतःचा अनुभव कटू आहे. मी उमेदवारी केली त्या एका प्रयोगशाळेत कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (लेसरच्या प्रकाशात पेशींचे थर स्पष्ट दाखवणारा) मोठ्या समारंभाने आला. देखभालीच्या करारासाठी मात्र कोणी तरतूद केली नव्हती, त्यामुळे लेसर बिघडल्यावर तो जवळजवळ वर्षभर प्लास्टिकच्या आच्छादनाखाली पडून राहिला आणि त्या वर्षाचा माझा निम्मा प्रबंध त्याच आच्छादनाखाली अडकला. महागडी यंत्रे प्रत्येकाने वेगवेगळी घेऊ नयेत. ती एका सामाईक कक्षात ठेवावीत, वापराची वेळ सर्वांना समान नियमाने मिळावी आणि देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. प्रतिपिंडे (विशिष्ट प्रथिने ओळखणारे रेणू) व सीरम (पेशींना पोसणारा रक्तातील द्रव) यांसारख्या नेहमी लागणाऱ्या वस्तूंचे सामाईक भांडार असले, तर शीतपेटीतून येणाऱ्या एका पार्सलसाठी कोणाचे सहा-सहा आठवडे वाया जाणार नाहीत.

आता तरुण संशोधकांच्या नेमणुकीच्या मुदतीविषयी. तरुण संशोधकांना स्वतंत्र काम सुरू करण्यासाठी मिळणारी केंद्र सरकारची इन्स्पायर फॅकल्टी शिष्यवृत्ती ५ वर्षांची असते. पहिले वर्ष जागा, विद्यार्थी आणि परवानग्या मिळवण्यातच सरते, आणि शेवटचे वर्ष पुढची नोकरी शोधण्यात. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक या जैववैद्यकीय संशोधन संस्थेत तरुण गटप्रमुखांना ६ वर्षे देऊन, मूल्यमापनानंतर आणखी ६ वर्षे मिळू शकतात. युरोपातील ईएमबीएल या रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेत साधारणपणे ९ वर्षांची मर्यादा असते. तेथे मुदत संपल्यावर जाण्यासाठी इतर अनेक संस्था आहेत. गोव्यातून बाहेर पडणारा बहुधा राज्यच सोडतो. म्हणून येथे किमान ७ वर्षांची हमी असावी आणि चांगले काम करणाऱ्या काहींना विद्यापीठात वा महाविद्यालयात कायम पद मिळण्याची वाट आरंभीच लेखी ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात त्यांच्यावर अध्यापनाचा भार हलका ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे.

विषयांची येथे वाण नाही. मात्र सत्तरी तालुक्यातील माकडतापाचा (क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा) जिवंत विषाणू हाताळण्याचा मोह सुरुवातीला टाळावा, कारण त्यासाठी उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते आणि तिचाच खर्च साऱ्या केंद्राला गिळून टाकील.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. असे केंद्र होईपर्यंत मी काय शिकावे?
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : निर्जंतुक पद्धतीने हात चालवायला शिका, सूक्ष्मदर्शकातील चित्रांचे मोजमाप करण्यासाठी थोडे प्रोग्रामिंग शिका, आणि सुट्टीत दोन महिने एखाद्या चालू पेशीसंवर्धन प्रयोगशाळेत काढा. तेथे प्रयोगाच्या वहीत फसलेला प्रयोगही तारीख-वार नोंदवण्याची सवय लावून घ्या. फ्लास्क कोणत्या दिवशी गढूळला आणि त्या दिवशी पोषकद्रवाची कोणती बाटली उघडली होती, हे त्याच वहीत सापडते.